पाँटून बोट ओढत नाही? इंजिन बदलण्याआधी पंखा बघा

मिनेसोटात उन्हाळा जेमतेम चार महिन्यांचा. इथे दोन-तीन हिवाळे काढले की आपली मराठी कुटुंबंही कुठलं तरी तळं धरतात आणि मग चारचौघांतला एक जण जुनी पाँटून बोट घेतो. आमच्या गोतावळ्यात तो मी. वीस फुटी, दोन नळ्यांची, मागे ५० एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेर टांगलेलं इंजिन. पहिले दोन शनिवार घरचेच होतो, बोट झकास चालली. तिसऱ्या शनिवारी नऊ माणसं, दोन कूलर आणि भेळेचं सगळं सामान घेऊन लेक मिनेटोंकावर निघालो. मध्यावर समोरून वारा आला. थ्रॉटल पूर्ण पुढे, इंजिन कण्हतंय आणि बोट वरातीच्या चालीने. भारतातून आलेल्या काकांनी शांतपणे विचारलं, "उतरून ढकलू का रे जरा?"

आठवड्याभराने एका डीलरकडे गेलो. त्याने बोटीकडे नीट न बघताच सांगितलं की ९० एचपीचं इंजिन लावा. म्हणजे बोटीपेक्षा इंजिन महाग. शेवटी काम झालं ते दीडशे-दोनशे डॉलरच्या अॅल्युमिनियमच्या पंख्याने, म्हणजे इंजिनाखाली पाण्यात फिरणाऱ्या प्रोपेलरने. पूर्ण झालं असं म्हणणार नाही, ५० एचपीचे ९० होत नाहीत. पण आता नऊ माणसांसकट बोट किनाऱ्याला येते आणि कुणी ढकलायची भाषा करत नाही.

जुनी पाँटून घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या लोकांसाठी हे लिहितोय. यंत्राची फारशी माहिती नसली तरी चालेल. भागाकार आणि पान्याची ओळख पुरे.

या बोटीला इंजिन कमी का पडतं

पाँटूनचा जन्म इथलाच. १९५२च्या सुमारास मिनेसोटातल्या रिचमंड गावाजवळचा शेतकरी अँब्रोस वीअर्स याने लोखंडी पिंपं एकाला एक जोडून दोन रांगा केल्या आणि त्यांवर लाकडी फळ्यांचा मंच टाकला. आजही मूळ कल्पना तीच आहे. पिंपांच्या जागी अॅल्युमिनियमच्या नळ्या आल्या, मंचावर सोफे आले. म्हणजे ही बोट मुळात तरंगता ओटा आहे. वर माणसं मावतील तितकी बसतात, चारही बाजूंच्या कुंपणावर वारा अडतो, आणि नळ्या पाण्यावर उचलल्या जाण्याऐवजी पाणी कापत राहतात. वेगवान बोट एकदा पाण्यावर चढली की हलकी होते. कमी ताकदीची दोन नळ्यांची पाँटून बहुतेक वेळ पाण्यात रुतूनच चालते.

बहुतेक बोटींवर कॅपॅसिटी प्लेट असते. तिच्यावर माणसं, वजन आणि जास्तीत जास्त एचपी लिहिलेला असतो. प्लेटवर ९० असेल आणि मागे ४० किंवा ५० असेल, तर तुमची बोट अशक्त म्हणायला हरकत नाही. जुन्या बोटी अशाच मिळतात, कारण पहिल्या मालकाने पैसे वाचवायला लहान इंजिन घेतलेलं असतं.

पिच म्हणजे काय, ते आधी

पंख्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ११ × १३. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. व्यास सरळ आहे: पाती फिरताना जो गोल होतो त्याची रुंदी. गोंधळ होतो तो पिचमध्ये.

लाकडात स्क्रू पिळताना प्रत्येक फेऱ्याला तो थोडा आत जातो. पाणी जर लाकडासारखं घट्ट असतं, तर १३ पिचचा पंखा एका फेऱ्यात तेरा इंच पुढे गेला असता. पाणी घट्ट नसल्यामुळे तो तेवढा जात नाही, थोडा घसरतो. त्या घसरणीला स्लिप म्हणतात, तिचा हिशोब पुढे येईल.

पिच हा बोटीचा गियर आहे, आणि तोही एकच. गाडीत घाट लागला की आपण गियर खाली टाकतो. कसारा घाटात भरलेला ट्रक टॉप गियरमध्ये चढवायला गेलात तर तो धाप टाकत उभा राहील. जास्त पिच म्हणजे टॉप गियर, कमी पिच म्हणजे दुसरा-तिसरा. बोटीत बसून गियर बदलता येत नाही, म्हणून ज्या वजनाने तुम्ही नेहमी फिरता त्याला जुळणारा गियर पंख्याच्या रूपाने आधीच निवडून ठेवावा लागतो.

इथे नव्या माणसाची हमखास चूक होते आणि मीही ती करणारच होतो. एका मित्राने सांगितलं, "तुझा १३ आहे ना? १५चा घे, स्पीड वाढेल." ऐकायला पटतं, कारण आकडा मोठा. पण जे इंजिन तेराचा पंखा फिरवताना दमतंय ते पंधराचा कसा फिरवणार? मोठ्या पिचने वेग वाढतो तो इंजिनात ताकद शिल्लक असेल तेव्हा. आपल्याकडे नेमकी तीच नाही.

पायरी पहिली: आहे ते लिहून काढा

फोनमध्ये एक नोंद करा. इंजिनाचं वर्ष, मॉडेल आणि एचपी. मॅन्युअलमधली पूर्ण थ्रॉटलची आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) रेंज; आजच्या बऱ्याच फोर-स्ट्रोक आउटबोर्डांची ती ५,००० ते ६,०००च्या आसपास असते, पण अंदाजावर जाऊ नका, तुमच्या इंजिनाचीच बघा. गियर रेशोही त्याच पानाच्या आसपास सापडतो. इंजिनाचा दांडा जितके फेरे घेतो तितके पंखा घेत नाही. १.८५ रेशो असेल तर इंजिनाच्या १.८५ फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा.

पंख्याचा आकडा पात्याच्या बुडाशी किंवा हबच्या, म्हणजे पंख्याच्या मधल्या गोल भागाच्या, कडेला ठोकलेला असतो. रंगाखाली दडला असेल तर तारेच्या ब्रशने घासा. कधी नुसता पार्ट नंबर असतो, तो शोधला की व्यास-पिच कळतो. मागच्या मालकाने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मला "अकराचा आहे" असं सांगितलं होतं. अकरा हा व्यास होता.

पायरी दुसरी: पंख्याला दोष देण्याआधी

ही पायरी लोक गाळतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो. बोट मंद असण्याची निम्मी कारणं पंख्यात नसतात. ती तशीच ठेवून नवा पंखा लावलात तर ताप उतरवायची गोळी घेऊन आजार तसाच ठेवल्यासारखं होतं.

सगळ्यात फुकटची तपासणी थ्रॉटलची. इंजिन बंद, एक जण सुकाणूपाशी हँडल पूर्ण पुढे ढकलतो, दुसरा इंजिनाचं झाकण काढून बघतो की थ्रॉटलचा आर्म शेवटच्या अडसरापर्यंत पोचतोय का. (हँडल इंजिन बंद असताना पुढे जात नसेल तर जोर लावू नका, नुसता थ्रॉटल हलवायचं बटण बहुतेक हँडलांवर असतं.) केबल सैल झाली असेल तर तुम्ही पूर्ण थ्रॉटल समजता आणि इंजिनाला तीन-चतुर्थांशच मिळतो. असा सापडला तर अभिनंदन, खर्च शून्य.

मग नळ्या. जुन्या पाँटूनच्या एखाद्या नळीच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर असते आणि आतल्या कप्प्यात पाणी झिरपतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, सव्वा माणूस कायमचा बोटीत आणि तोही तिकीट न काढलेला. बोट धक्क्याला शांत उभी असताना एका बाजूला किंवा मागे कललेली दिसते का बघा. ट्रेलरवर चढवल्यावर नळीच्या प्लगमधून पाणी आलं तर उत्तर मिळालं. सगळ्या नळ्यांना प्लग नसतात. मग वेल्डरकडे हवेच्या दाबाने तपासून घ्यावी लागते. स्वतः घरच्या कॉम्प्रेसरने दाब भरू नका, पातळ नळ्या फुगून फाटतात.

नळ्यांच्या खालच्या बाजूला साचलेलं शेवाळ आणि चिखलाचा थरही बोट धरून ठेवतो. इथल्या तळ्यांत झेब्रा शिंपले आहेत, ते चिकटले तर नळीचा खरखरीत कागद होतो. बोट पाण्याबाहेर काढली की घासून धुवा. तसंही मिनेसोटात बोट रस्त्यावर नेताना वनस्पती-शिंपले काढणं, पाणी काढून टाकणं आणि ड्रेन प्लग काढलेले असणं कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा ही दोन कामं एकदमच होतात.

वरचं वजनही मोजा. भिजलेल्या सोफ्यांचा फोम, खाली कुजून पाणी प्यायलेलं प्लायवूड, सीटखाली तीन उन्हाळ्यांपासून पडलेला नांगर आणि कुणाच्या तरी डंबेल्ससुद्धा. आमच्या सीटखालून मागच्या मालकाची विटांची पिशवी निघाली. कशासाठी ते आजही कळलेलं नाही.

शेवटी पंखा काढून बघा. पात्यांच्या कडा दगडाने खाल्लेल्या असतील तर त्याच पंख्याने आधी होता तेवढा वेगही मिळत नाही. पंख्यामागे दांड्यावर मासेमारीची नायलॉन दोरी गुंडाळलेली सापडणं हा इथला ठरलेला प्रकार. ती सील कापते, गियरच्या तेलात पाणी शिरतं आणि तेल दुधी होतं. तसं दिसलं तर आधी मेकॅनिक, पंखा नंतर. आणि हब. पाती आणि दांडा यांच्यामध्ये रबराची किंवा प्लॅस्टिकची बाही (बुश) असते, ठोकर बसली की तिने घसरावं आणि गियर वाचवावेत म्हणून. ती झिजली की इंजिन जोरात फिरतं आणि बोट जागची हलत नाही. तपासायला आतल्या हबवर आणि बाहेरच्या भागावर मिळून एक सरळ मार्करची रेघ ओढा, एक फेरी मारून या. रेघ तुटून सरकली असेल तर हब गेलं.

पायरी तिसरी: तळ्यावरची चाचणी

शांत सकाळ निवडा. मी रविवारी सहाला जातो, तेव्हा लाटा नसतात आणि वेकबोर्डवाल्यांची पोरं झोपलेली असतात. वेग फोनच्या जीपीएसवर मोजा. बोटीवरचा काटा पाण्याच्या दाबावर चालणारा असतो आणि तो मनाला येईल ते सांगतो. आरपीएमचा काटाही जुना असेल तर एकदा डिजिटल टॅकोमीटरशी ताडून घ्या, कारण पुढचा सगळा डोलारा त्या एका आकड्यावर उभा आहे.

निघण्याआधी सुरक्षेचा स्विच. इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवा. १ एप्रिल २०२१पासून २६ फुटांखालच्या बोटी चालवताना ती वापरणं अमेरिकेच्या संघीय जलमार्गांवर कायद्यानेही आवश्यक आहे. पूर्ण थ्रॉटलला वळताना चालक पाण्यात पडला तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

दोन चाचण्या करा. पहिली हलकी: दोन माणसं, टाकी अर्धी. दुसरी नेहमीच्या भाराची. सामान आणि माणसं खोटी आणू नका, शनिवारी खरोखर जे असतात तेच. थ्रॉटल हळूहळू पूर्ण पुढे न्या, ट्रिमचं, म्हणजे इंजिनाचा कल बदलायचं, बटण दाबत इंजिन थोडं थोडं बाहेरच्या बाजूला कलवा, वेग वाढायचा थांबला किंवा पंख्याने हवा धरली की किंचित आत घ्या. तिथे आरपीएम आणि वेग टिपा. उलट दिशेने जाऊन पुन्हा टिपा आणि सरासरी काढा, म्हणजे वारा वजा होतो.

माझे आकडे असे आले. मॅन्युअलची रेंज ५,००० ते ६,०००. दोघांसह ४,९०० आरपीएम, ताशी २०.५ मैल. नऊ जणांसह ४,५००, ताशी १५. म्हणजे पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन आपल्या रेंजमध्ये शिरतच नव्हतं.

हे नुसतं मंद चालण्याचं प्रकरण नाही. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कमी राहणं म्हणजे इंजिन ओझ्याखाली दबलेलं. इंधन भरपूर जातं, सिलिंडरात दाब आणि उष्णता वाढते, पिस्टन-बेअरिंगवर ताण येतो, कार्बन साचतो. टॉप गियरात घाट चढणारं इंजिन जसं धडधडतं तसंच, फक्त पाण्याच्या आवाजात ते ऐकू येत नाही. उलट टोकाला, पिच फार कमी केली तर इंजिन ६,०००च्या पलीकडे पळतं आणि रेव्ह लिमिटर, म्हणजे फेऱ्यांवर मर्यादा घालणारी यंत्रणा, त्याचा गळा धरतो. आपल्याला या दोन्हींच्या मधलं हवंय: नेहमीच्या भाराला रेंजच्या आत, आणि हलक्या भाराला वरच्या मर्यादेखाली.

पायरी चौथी: गणित

बोटवाल्यांचा जुना ठोकताळा: पिच एक इंचाने कमी केली की आरपीएम साधारण १५० ते २०० वाढतात. मला हलक्या भाराला साडेपाच हजारांच्या आसपास जायचं होतं, म्हणजे सहाशे वर. सहाशे भागिले दोनशे, तीन इंच. तेरातून तीन गेले, दहा.

पडताळा म्हणून स्लिप काढा. सूत्र सोपं आहे: आरपीएम गुणिले पिच, भागिले गियर रेशो, भागिले १,०५६. एका मैलात ६३,३६० इंच असतात आणि तासात ६० मिनिटं, त्यांच्या भागाकारातून १,०५६ आले. उत्तर ताशी मैलांत मिळतं, पाणी घट्ट असतं तर जो वेग मिळाला असता तो.

माझ्या जुन्या पंख्याचं: ४,९०० × १३ ÷ १.८५ ÷ १,०५६ = ३२.६. प्रत्यक्षात २०.५. म्हणजे ३७ टक्के कमी, आणि हीच स्लिप. हलक्या वेगवान बोटींची स्लिप दहा टक्क्यांच्या आसपास येते. पाँटूनला वीस-तीस टक्के असतेच आणि तिचं वाईट वाटून घेऊ नये. पण चाळिशीकडे सरकली की पंखा चुकीचा आहे, इंजिन फार वर बसलंय किंवा हब घसरतंय, यांपैकी काहीतरी नक्की.

तळं उंचावर असेल तर आणखी एक वजाबाकी. हवा विरळ झाली की साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटते. लेक टाहो सुमारे ६,२०० फुटांवर आहे. तिथे तुमचे ५० एचपी जेमतेम ४१ उरतात. कोलोरॅडोतल्या मित्रांनी एखाद-दोन इंच पिच आणखी खाली धरूनच सुरुवात करावी.

पायरी पाचवी: पाती तीन की चार

तीन पात्यांचा पंखा स्वस्त आणि टोकाच्या वेगाला किंचित चांगला. चार पात्यांचा पाणी जास्त घट्ट धरतो: भार घेऊन सुटताना, वळताना, मुलांची ट्यूब ओढताना आणि मुख्य म्हणजे धक्क्याला लागताना. वाऱ्यात पाँटून धक्क्याला लावणं म्हणजे उघडी छत्री घेऊन एसटीत चढणं. तिथे रिव्हर्सला पटकन पकड देणारा पंखा सोन्याच्या मोलाचा. अशक्त पाँटूनसाठी माझं मत सरळ चार पात्यांच्या बाजूने आहे. टोकाचा वेग एखाद मैलाने कमी झाला तर होऊ दे, इथे कोण शर्यत लावतंय.

फक्त चौथं पातं आरपीएम थोडे खातं. म्हणून तीनवरून चारवर जाताना, बाकी सगळं बरोबर असलं तरी, पिच साधारण एक इंच कमी धरतात. मला तीन इंच कमी करायचे होते आणि पातंही वाढवायचं होतं, तेव्हा हिशोबाने नऊ येत होता. मी दहावर थांबलो, कारण मधल्या काळात विटा आणि शेवाळ दोन्ही निघाले होते आणि बोट तेवढी हलकी झाली होती.

काही पंख्यांच्या पात्यांच्या मागच्या कडेला हलका वाक दिलेला असतो, त्याला कप म्हणतात. कप पाणी धरून ठेवतो, पण आरपीएमही उतरवतो, एखाद्या इंच पिचएवढा. दहाचा कपवाला आणि दहाचा बिनकपाचा हे सारखे नाहीत, एवढं दुकानात लक्षात असू द्या.

व्यासात फारसा हात घालता येत नाही. जड ओझ्याला मोठा व्यास चांगला, पण खालच्या गियरकेसमध्ये मावेल तेवढाच बसतो. इथे एक गोष्ट बोट घेण्याआधी कळली असती तर बरं झालं असतं. एकाच एचपीच्या इंजिनाला दोन प्रकारचे खालचे भाग मिळतात. मर्क्युरीचं ६० एचपी साध्या गियरकेसमध्ये येतं तसं कमांड थ्रस्टमध्येही येतं, ज्याला पूर्वी बिगफूट म्हणत. यामाहाचं तसंच, त्यांचा शब्द हाय थ्रस्ट. या मोठ्या गियरकेसचा रेशो २.३३ असतो, म्हणजे पंखा सावकाश फिरतो पण मोठा असतो, बैलगाडीला घोड्याऐवजी बैल जुंपावा तसा. पाँटूनसाठी साधं ६० आणि हे ६० यांत निवड असेल तर डोळे झाकून दुसरं. दोन्हींचे पंखे मात्र एकमेकांना बसत नाहीत, म्हणून ऑर्डर देताना नुसतं "मर्क्युरी ६०" म्हणू नका.

अॅल्युमिनियम की स्टेनलेस? ६० एचपीपर्यंत अॅल्युमिनियम. स्टेनलेस जास्त ताठ असतं, पाती वाकत नाहीत, पण किंमत तिपटी-चौपटीची आणि आपल्या वेगाला तो फरक हाताला लागत नाही. शिवाय दगडाला आपटलात तर अॅल्युमिनियमचं पातं वाकून धक्का पोटात घेतं.

घेताना दुकानदाराला आधी विचारा की पंखा चालवून बघून बदलून मिळेल का. पंख्याचा धंदा करणारी अनेक दुकानं ओरखडा नसेल तर बदलून देतात. दहाचा घ्यावा की अकराचा, या प्रश्नावर रात्र जागवण्यापेक्षा हा प्रश्न उपयोगाचा.

पायरी सहावी: बसवणं

बोट ट्रेलरवर किंवा लिफ्टवर. किल्ली खिशात, लाल दोरी काढलेली, गियर न्यूट्रलला. पंखा हाताने फिरवताना इंजिन चुकून सुरू होऊ शकतं, म्हणून हे तिन्ही.

नटात आडवी पिन असते किंवा वळवलेला पत्र्याचा वॉशर, ते सरळ करा. पातं आणि वरची आडवी प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, म्हणजे पंखा फिरणार नाही, आणि नट सोडवा. पंखा मागे ओढून काढा. वॉशर कोणत्या क्रमाने निघतात त्याचा फोटो घ्या. पंख्याच्या पुढे एक जाड थ्रस्ट वॉशर असतो, तो जुन्या पंख्याला चिकटून बाहेर येतो आणि लोक विसरतात. तो नसताना नट आवळला तर पंखा गियरकेसवर घासतो.

दांडा पुसा, पाण्यात टिकणारं मरीन ग्रीस भरपूर लावा. ग्रीस न लावलेला पंखा दोन वर्षांनी हातोडीशिवाय निघत नाही. नव्या पंख्याला तुमच्या इंजिनाचं हब किट लागतं का ते पाकिटावर बघा. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने आवळा, पिन नवी घाला. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा एकदा तपासा.

पायरी सातवी: पुन्हा तळ्यावर

तीच सकाळ, तीच माणसं, तेच टिपण. दहाच्या चार पात्यांनी दोघांसह ५,४५० आरपीएम आणि २१ मैल. स्लिप काढली तर २५ टक्के. नऊ जणांसह ५,१५० आणि १८ मैल, म्हणजे आधीपेक्षा तीन मैल जास्त, आणि इंजिन अखेर आपल्या रेंजमध्ये. खरा फरक आकड्यांत दिसत नाही. थ्रॉटल दिला की बोट आता लगेच पुढे सरकते. पूर्वी ती आधी विचार करायची.

नव्या पंख्यानेही वळताना इंजिन एकदम किंचाळून आरपीएम उसळत असतील तर पंखा हवा ओढतोय. पंख्याच्या वरच्या आडव्या प्लेटचं कामच पृष्ठभागावरची हवा खाली येऊ न देणं हे आहे. लोक तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण कॅव्हिटेशन वेगळं: त्यात पात्यावरचा दाब इतका उतरतो की पाणी थंडच उकळतं आणि बुडबुडे धातू कुरतडतात. आपल्याला त्रास होतो तो बहुतेक वेळा हवेचा. आधी ट्रिम आत घ्या. तरी थांबलं नाही तर इंजिन एका भोकाने खाली बसवा. इंजिनाच्या ब्रॅकेटला बोल्टसाठी एकाखाली एक भोकं त्यासाठीच असतात. आणि जड मंडळींना मागे बसवा. माझ्याकडे सगळे काका पुढच्या सोफ्यावर जाऊन बसायचे, नाक खाली, शेपूट वर. आता पानसुपारीचा डबा मागच्या सीटवर ठेवतो, बाकी आपोआप होतं.

आरपीएम रेंजच्या वर गेले तर एक इंच पिच वाढवा, अजून कमी असतील तर एक इंच उतरवा. दोन फेऱ्यांत बहुतेकांचं जुळतं.

आणि जुळलंच नाही तर

काही अपेक्षा पंख्याकडून ठेवू नयेत. ४० एचपीवर वीस फुटी भरलेली पाँटून प्रौढ माणसाला स्कीवर उभं करणार नाही. नळ्यांना उचल देणाऱ्या पट्ट्या वेल्ड करून घेणं किंवा मंचाखाली अॅल्युमिनियमचा पत्रा लावणं, याने लाटांचा मारा कमी होतो, पण या दोन्हींचा फायदा बोटीला थोडा वेग असेल तरच मिळतो. तिसरी नळी लावायचा खर्च ऐकून मी तो विषय सोडला. इंजिन बदलायचंच ठरलं तर प्लेटवरच्या एचपीच्या वर जाऊ नका. मागचं वजन वाढतं, विमा कंपनी हात झटकू शकते, आणि ती प्लेट उगाच लावलेली नसते.

जुना तेराचा पंखा विकू नका. तो आमच्या बोटीत सीटखाली विटांच्या जागी बसलाय, सोबत एक जादा नट, दोन पिना, थ्रस्ट वॉशर, पाना आणि लाकडाचा ठोकळा. सप्टेंबरात पाणी उतरलं की दगड वर येतात, आणि वाकलेल्या पात्यांनी घरी येण्यापेक्षा दमत येणारा तेराचा पंखा परवडतो. पिना दोन ठेवा. एक पाण्यात पडतेच.